देवरुखच्या दोघी बहिणी, एक मावशी आणि आमची आत्या

मागच्या भागानंतर बराच खंड पडला, त्याबद्दल आधी माफी मागते. ऑफिसात रिलीज होतं, आणि रिलीज म्हटलं की आमचं जेवणखाण, झोप आणि पॉडकास्ट, सगळंच पुढे ढकललं जातं. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून ठेवतेय. बोलताना अडखळले ते काढून टाकलंय, बाकी बोलले तसंच आहे.

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात घरापासून करते.

अर्ध्या पानाची माहिती

गोष्ट जानेवारीतली. आत्याचा फोन आला. आत्या रत्नागिरीच्या बाहेर एका वाडीत राहते. म्हणाली, "अगो, मंडळाची माणसं आली होती. माझा सत्कार करतायत म्हणे. माहिती हवी आहे अर्धं पान. तू कंप्युटरवर करून दे."

म्हटलं, सोपं आहे. पंधरा मिनिटांचं काम. तू बोल, मी टाईप करते.

तर आत्या गप्प. मग म्हणाली, "काय सांगू? मी काय केलं?"

आता आत्या काय करते ते सांगते. काका जाऊन बावीस वर्षं झाली. तेव्हा तिला स्वतःचे कागद करताना जे हेलपाटे पडले, त्यातून ती एक गोष्ट शिकली, की कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो. तेव्हापासून ती वाडीतल्या आणि आजूबाजूच्या बायकांचे अर्ज भरून देते. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, रेशनकार्डावरचं नाव, उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, दरवर्षीचा हयातीचा दाखला. नुसता अर्ज भरून थांबत नाही. सकाळच्या एसटीने त्या बाईबरोबर तहसील कार्यालयात जाते, आणि साहेब जेवायला गेले असतील तर बाकावर बसून राहते. पैसे घेत नाही. फार तर कोणी फणस आणून देतं.

हे सगळं अर्ध्या पानात कसं बसवायचं? "सामाजिक कार्याची आवड" असं लिहिलं तर काहीच कळत नाही. आमच्या कामात कोडमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणी केला, केव्हा केला, कशासाठी केला. दहा वर्षांनी कोणी बघितलं तरी दिसतं. आत्याच्या कामाची अशी नोंदच नाही, असं मला वाटलं. (ते चुकीचं होतं, पण त्याकडे शेवटी येते.)

त्या रात्री बसून मी वाचायला लागले, की आपल्या जिल्ह्यात आधी अशा बायका कोण होऊन गेल्या आणि त्यांचं काम आपल्यापर्यंत पोचलं कसं. वाचता वाचता एकाच गावी जाऊन थांबले. ते गाव म्हणजे देवरुख.

गोदूची गोष्ट

देवरुख म्हणजे संगमेश्वर तालुक्याचं मुख्य ठिकाण. मार्लेश्वरला गेला असाल तर वाटेत लागतं. तिथल्या जोशींच्या घरात १८६५ च्या सुमारास एक मुलगी जन्मली, गोदू. आठव्या वर्षी लग्न, माखजनच्या नातूंच्या घरी. तीन महिन्यांत नवरा गेला. आठ वर्षांची विधवा. पुढची बरीच वर्षं सासरी राबण्यात गेली.

१८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झालेला होता. म्हणजे गोदूच्या जन्माच्या आधीच कायद्याने परवानगी होती. पण कायदा कलकत्त्यात झाला आणि गोदू माखजनला होती. कागदावरचा हक्क आणि दारात पोचलेला हक्क यातलं अंतर आत्याला विचारा, ती बरोबर सांगेल.

आणखी एक गोष्ट विसरायला नको. विधवेने पुन्हा लग्न करायचं नाही, हा सगळ्या समाजाचा नियम नव्हता. कोकणातल्या अनेक जातींमध्ये 'पाट' लावायची रीत होतीच. ही बंदी मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांतली. सुधारणेचा इतिहास वाचताना आपण कधीकधी एका आळीचा इतिहास सगळ्या गावाचा समजून बसतो, म्हणून हे सांगून ठेवते.

गोदूचे भाऊ नरहरपंत मुंबईत होते. त्यांनी बहिणीला मुंबईला आणलं. ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि गोदूबाई तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक झाल्या. विशी उलटलेली बाई मुळाक्षरं गिरवायला बसली. पुढच्या वर्षी शारदा सदन पुण्याला गेलं, त्याही गेल्या.

नरहरपंतांचे एक मित्र होते धोंडो केशव कर्वे. आपल्याच जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरुडचे. पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले. त्यांची पहिली पत्नी १८९१ साली वारली. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं, आणि ११ मार्च १८९३ ला पुण्यात त्यांचं आणि गोदूबाईंचं लग्न झालं. शारदा सदन उघडलं त्याला बरोबर चार वर्षं झाली होती, तारीखसुद्धा तीच. लग्नानंतर नाव झालं आनंदीबाई, पण लोक त्यांना ओळखतात ते बाया कर्वे म्हणून.

लग्नानंतर मुरुडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या आईच्या घरी उघडपणे जाऊन राहायची सोय उरली नाही.

आश्रमाच्या आत कोण, बाहेर कोण

आता इथपर्यंतची गोष्ट आपण शाळेत थोडीफार ऐकलेली असते. पुढची मला माहीत नव्हती.

१८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना शिकवायचं, पायावर उभं करायचं. पुढे प्लेगच्या दिवसांत, १९०० साली, तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. तेव्हा हिंगणं म्हणजे माळरान. कॉलेज सुटल्यावर कर्वे चिखल तुडवत रोज चालत तिथे जायचे, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे.

पण या आश्रमाच्या कामात बायांना जागा नव्हती.

का? तर बायांनी पुनर्विवाह केलेला. आश्रमात आईबापांनी आपल्या विधवा मुली पाठवायच्या, सनातनी घरांनी देणग्या द्यायच्या, तर तिथे पुनर्विवाहित बाई दिसून चालणार नव्हती. लोक म्हणाले असते, इथे मुलींना शिकवत नाहीत, लग्नं लावतात. म्हणून संस्था पुनर्विवाहाच्या चळवळीपासून मुद्दाम वेगळी ठेवली गेली. म्हणजे ज्या बाईच्या धाडसावर ही गोष्ट सुरू झाली, तिनेच उंबऱ्याबाहेर थांबायचं.

आणि घर कोण चालवत होतं? बाया. कर्व्यांनी साठवलेला पैसा आश्रमाला दिला, आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा देऊन टाकली. घरात मुलं होती. बायांना हे सहज पटलं नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही. महर्षींच्या घरात महिनाअखेर कशी जात असेल, याचा हिशेब महर्षींच्या चरित्रात कमी आणि बायांच्या आठवणींत जास्त सापडतो.

मग आश्रमाच्या आत कोण होतं? तर देवरुखचीच दुसरी मुलगी. बायांची धाकटी बहीण, पार्वतीबाई आठवले.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा. लग्न अकराव्या वर्षी, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. त्या बहिणीकडे पुण्याला आल्या, शिकल्या आणि आश्रमाच्या कामाला लागल्या. त्यांनी पुन्हा लग्न केलं नव्हतं. केशवपन केलेलं, अंगावर विधवेचं आलवण. त्यामुळे जुन्या वळणाच्या घरातही त्यांना ओसरीवर बसायला पाट मिळायचा. त्या गावोगाव हिंडल्या, सभांमधून बोलल्या, वर्गणी गोळा केली, मुली आणल्या.

बघा हं, सख्ख्या बहिणी. एकाच घरातल्या. दोघीही विधवा झालेल्या. एकीने लग्न केलं म्हणून ती बाहेर, दुसरीने नाही केलं म्हणून ती आत. दोघींनी जे केलं ते त्याच एका कामासाठी. पण समाजाला कोण चालेल हे कपाळ आणि डोकं बघून ठरत होतं.

मग १९१२ साली, बेचाळिसाव्या वर्षी, पार्वतीबाईंनी केशवपन थांबवलं आणि विधवेचा वेष सोडला. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या वेषामुळे त्यांना दारं उघडत होती, तोच त्यांनी टाकला. वर्गणी मागणाऱ्या बाईने असं करणं म्हणजे स्वतःच्या कामावरच जोखीम घेणं. तरी केलं. आणि काम थांबलं नाही.

१९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायचं आणि संस्थेसाठी पैसा उभा करायचा, हा बेत. तिथे पोट भरायला त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं. देवरुखची बाई, पहिलं महायुद्ध चालू असताना बोटीत बसते, परक्या देशात दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबते आणि १९२० साली परत येऊन पुन्हा कामाला लागते. मी पहिल्यांदा ऑनसाईटला गेले तेव्हा कंपनीने विमानतळावर गाडी पाठवली होती, तरी माझ्या पोटात गोळा आला होता. असो.

तिघांनी लिहून ठेवलं

हे सगळं आपल्याला कळलं कसं? तर त्यांनी लिहिलं म्हणून. कर्व्यांचं 'आत्मवृत्त' १९१५ साली आलं. पार्वतीबाईंचं 'माझी कहाणी' १९२८ साली. दोन वर्षांनी त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. आणि बायांचं 'माझे पुराण' १९४४ साली, सून कावेरी कर्वे यांनी संपादित केलेलं. तेव्हा बाया ऐंशीच्या जवळ आलेल्या होत्या.

फक्त पहिलं पुस्तक असतं तर आपल्याकडे एका थोर माणसाची आणि त्याच्या सहनशील बायकोची गोष्ट राहिली असती. दुसऱ्या दोन पुस्तकांमुळे कळतं की सहनशील हा शब्द अगदीच अपुरा आहे.

बाया १९५० साली गेल्या, पार्वतीबाई १९५५ साली. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळालं. ते मिळायलाच हवं होतं, यात वाद नाही. पण ते बघायला दोघी बहिणी नव्हत्या. आज त्याच संस्थेतर्फे समाजकार्य करणाऱ्या स्त्रियांना 'बाया कर्वे पुरस्कार' दिला जातो. ज्या बाईला एकेकाळी उंबऱ्याबाहेर थांबावं लागलं, तिच्या नावाचं सन्मानपत्र आता आतून दिलं जातं. हे बरं झालं. उशिरा झालं, पण बरं झालं.

मावशी

आता परत देवरुखला. साल १९५४. म्हणजे पार्वतीबाई अजून हयात होत्या.

इंदिराबाई हळबे नावाच्या बाई. तरुणपणीच वैधव्य आलेलं. मुंबईला जाऊन नर्सिंग शिकल्या आणि देवरुखात येऊन त्यांनी दोन खाटांचं प्रसूतिगृह सुरू केलं. कुठे, तर गोठ्याच्या जागेत. त्याचं नाव मातृमंदिर.

दोन खाटा ऐकायला कमी वाटतात. पण तेव्हाचं कोकण आठवा. बाप्ये मुंबईला गिरणीत, महिन्याला येणारी मनीऑर्डर, आणि मागे शेत, गुरं, म्हातारी माणसं, पोरं सगळं बाईच्या अंगावर. रत्नागिरी जिल्ह्यात आजही पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत; २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या. याचं मुख्य कारण चाकरमानी. पावसाळ्यात बाळंतपण अडलं तर डोली करून न्यायला चार माणसं गोळा करणंही कठीण. अशा ठिकाणी दोन खाटा आणि शिकलेली नर्स म्हणजे काही घरांत आई जिवंत राहणं.

त्या दोन खाटांचं पुढे रुग्णालय झालं. निराधार मुलींसाठी 'गोकुळ' झालं. बालवाड्या झाल्या, शेती आणि ग्रामविकासाची कामं झाली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांचं पाठबळ मिळालं. इंदिराबाई १९९८ साली गेल्या. काम चालू आहे.

आणि तालुक्यात त्यांना इंदिराबाई कोणी म्हणत नाही. सगळ्यांच्या त्या मावशी. बाया, मावशी, ताई, आत्या. आपल्याकडे बाईने गावाचं काम केलं की तिला नातं मिळतं. यात प्रेम आहेच. पण एक गोचीही आहे. नात्यातल्या माणसाचं काम आपण मोजत नाही. मावशीने केलं, म्हणजे करायचंच होतं. पगार नाही, पद नाही, मग नोंद कशाला?

आता सत्काराचं

२०२३ पासून राज्यात ३१ मे ला, अहिल्यादेवींच्या जयंतीला, ग्रामपंचायतींमधून गावातल्या दोन कर्तबगार स्त्रियांचा सत्कार करायची पद्धत सुरू झाली. कल्पना मला आवडली. पुरस्कार मुंबईच्या स्टेजवर न राहता गावात आला. पण मनात विचार आला, १८९३ साली देवरुखच्या पंचांना दोन नावं सुचवा म्हटलं असतं, तर त्यात गोदूचं नाव आलं असतं? तिच्यासाठी ठराव झाला असता तो बहिष्काराचा.

हे जुनं झालं असं वाटत असेल, तर आत्याच्या सत्काराकडे येते.

पत्रिका आली. त्यात आत्याचं नाव चुकलं होतं. म्हणजे तिचं स्वतःचं नाव नव्हतंच, फक्त काकांचं नाव आणि आडनाव, पुढे 'श्रीमती'. कार्यक्रम असा: ४ वाजता हळदीकुंकू, साडेपाचला सत्कार. आणि फोनवर अगदी आदराने निरोप होता, "तुम्ही साडेपाचला आलात तरी चालेल."

निरोप देणारी बाई वाईट नाही. तिला आत्याचा अपमान करायचा नव्हता. उलट अवघडलेपण टाळायचं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनेही त्याचं अनुकरण करा म्हणून परिपत्रक काढलं, आपल्याकडेही त्याची चर्चा झाली. पण परिपत्रक आणि कुंकवाचा करंडा यांच्यामध्ये अजूनही तेच अंतर आहे, जे कलकत्ता आणि माखजनमध्ये होतं.

मी चिडले. म्हटलं, जाऊच नकोस. आत्या म्हणाली, "खुर्च्या कोण लावणार मग?"

ती साडेतीनला गेली. मीही गेले. तिने खुर्च्या लावल्या आणि पहिल्या रांगेत बसली. हळदीकुंकू लावणारी मुलगी कॉलेजातली होती. रांगेतून येता येता आत्यासमोर थांबली आणि तिला कळेना काय करावं. मागे दोघी-तिघी बघत होत्या. आत्या म्हणाली, "कुंकू राहू दे. ते मी नाही लावून घेत, माझं मी ठरवलंय. अत्तर लाव, तिळगूळ दे आणि वाण दे. तेवढ्यासाठी कोणाला घरी थांबवू नका."

मुलीने मनगटाला अत्तर लावलं. वाण म्हणून स्टीलचा डबा होता, तो दिला. बस्स, एवढंच झालं. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. पण मागच्या दाराशी, सत्काराची वाट बघत आणखी दोघी उभ्या होत्या, त्या पुढे येऊन बसल्या.

आणि ते अर्धं पान? आदल्या दिवशी मी आत्याला पुन्हा विचारलं, तुला किती जणींचे कागद केलेले आठवतात? ती आत गेली आणि एक वही घेऊन आली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची, दाभणाने शिवलेली. त्यात तारीख, नाव, कुठला कागद, परत का आला, पुन्हा केव्हा दिला, मंजूर झाला की नाही. बावीस वर्षं. तीनशेच्या वर नावं. मी म्हणत होते नोंद नाही, आणि नोंद माझ्यापेक्षा नीट होती. फक्त ती कोणी मागितली नव्हती.

अर्ध्या पानात मी विशेषणं एकही लिहिलं नाही. तिचं स्वतःचं नाव लिहिलं, काम लिहिलं, आकडा लिहिला. खाली तिने स्वतः एक ओळ घालायला लावली, की शिरगावच्या आणि मिऱ्याच्या बायका एसटीत जागा धरायच्या म्हणून हे जमलं.

तर मंडळी, तुमच्या गावात कोणाचा सत्कार ठरत असेल तर एवढंच करा. तिचं नाव तिला विचारून छापा. "सामाजिक कार्य" असं न लिहिता काय काम ते लिहा. तिच्याबरोबर आणखी कोण होतं ते विचारा. आणि शक्य असेल तर शाल द्यायच्या आधी तिच्याकडून अर्धा तास बोलून घ्या. फोनवर रेकॉर्ड करा. बायांचं पुस्तक निघालं तेव्हा त्या ऐंशीला टेकल्या होत्या. ते निघालं नसतं तर आज मी हा भाग करूच शकले नसते.

पुढच्या भागात भेटू. तोवर, आत्याला फोन करा. तुमच्या.